न वाचलेले हात

विट्यात तेव्हा रात्र नव्हती, माग होते.
खटखट थांबली की लोक दचकून उठायचे
आणि मगदूमबाई चपला शोधायच्या:
वीज गेली असेल, नाहीतर कुणाचा हात.

जिनिंगच्या जुन्या शेडमध्ये दवाखाना.
पत्रा तापायचा म्हणून ऑपरेशनं पहाटे चारला.
कडबाकुट्टीत गेलेली बोटं
लोक घेऊन यायचे दुधाच्या किटलीत,
फडक्यात, एकदा तर तंबाखूच्या पिशवीत.
बाई आधी बोटांकडे बघायच्याच नाहीत.
विचारायच्या, "हा हात काम काय करतो?"
धार काढतो. हिशेब लिहितो. भाकरी थापतो.
त्यावर ठरायचं कुठलं बोट आधी.
भाकरीची कड करंगळीवर फिरते
हे मला पुण्याच्या कॉलेजात
कुणी शिकवलं नव्हतं.

मी आटपाडीकडचा बिराप्पा, सुवर्णपदकवाला.
पहिल्या दिवशी बाईंनी माझी गाठ पाहिली,
कात्रीनं कापली, बोलल्या काही नाहीत.
दुसऱ्या दिवशी पाठवलं
अंबूताई दिवट्यांच्या मागावर.
"आठ दिवस. पगार नाही."

अंबूताई तुटका धागा न बघता सांधायच्या,
मिश्रीच्या बोटांनी, शेजारणीशी भांडता भांडता.
"वढू नगं बाळा.
दोऱ्याला समजतंय कोण वढतंय."
आठव्या दिवशी वीज गेली
आणि मी अंधारात गाठ मारली. टिकली.
धावत जाऊन बाईंना सांगितलं.
"बरं," म्हणाल्या, "शीर याहून बारीक असते."

मग बरीच वर्षं.
एका पहाटे, लेंगऱ्याच्या पोराचा अंगठा जोडताना
बाईंच्या हातातली सुई
दिव्याखाली जराशी जास्त चमकली.
मला दिसलं. सिस्टर सुगंधाला दिसलं.
बाईंनी नीडल होल्डर ट्रेमध्ये ठेवला,
आवाज होऊ न देता.
"बिरा, माझ्या जागी ये."
त्यानंतर त्यांनी कधी हत्यार धरलं नाही.
माझ्यामागे स्टुलावर बसायच्या.
मी चुकणार असलो की त्यांचा श्वास थांबायचा.
उरलेलं सगळं मी त्या श्वासावर शिकलो.

बाई गेल्या तेव्हा हार पुष्कळ आले.
चौकाला नाव द्यायचं नगरपालिकेनं ठरवलं,
अजून ठरवतेच आहे.
भाच्यानं मला एक वही दिली,
किराणा दुकानातली, लाल पुठ्ठ्याची.
आत जोडलेले हात नव्हते.
ते गावभर फिरत होते, चहा ओतत, पत्ते पिसत.
आत होते न वाचलेले.
नाव, गाव, कुठलं बोट,
आणि शेवटच्या रकान्यात: चूक कुणाची.
यंत्राची. उशिराची. मायणी रस्त्याची.
बऱ्याच ओळींत, माझी.

पान सत्तेचाळीस.
हौसाबाई मंडले, भाळवणी. तर्जनी.
बाई त्या दिवशी बाहुबलीला गेल्या होत्या.
धमनीवरची गाठ मी मारली होती,
मी ओढली होती,
तिसऱ्या दिवशी बोट काळं पडलं.
रकान्यात बाईंचं ठसठशीत अक्षर:
माझी.

काल माझ्या हाताखालच्या निलोफरचं असंच झालं.
जिन्यात बसून होती, मास्क न काढता.
मी चहा पाठवला. दुसरं सुचलं नाही.
रात्री घरी वही उघडली,
नाव लिहिलं, गाव, बोट.
शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं.
माग आता थोडेच उरलेत विट्यात.
कुठूनतरी एक चालू होता,
मधेच बंद पडला.
कुणीतरी धागा सांधत असणार.
तो परत सुरू व्हायची
मी वाट बघत बसलो.